शेजाऱ्यांच्या शपथेवर मिळालेली जमीन आणि शेजाऱ्यांविरुद्धचा खटला: डॅनियल फ्रीमन यांचं प्रकरण

डॅनियल फ्रीमन हे नाव अमेरिकेत एका गोष्टीसाठी ओळखलं जातं. होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमिनीवर पहिला दावा नोंदवणारा वसाहतकरी म्हणजे हे फ्रीमन. हे प्रकरण मात्र त्या जमिनीपाशी थांबत नाही. दावा नोंदवल्यावर ३६ वर्षांनी, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, फ्रीमन आपल्याच वस्तीतल्या शाळा समितीविरुद्ध उभे राहिले आणि ते भांडण थेट नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या निर्णयापर्यंत ते कसे पोचले आणि त्यांच्यासमोर दुसरे कोणते रस्ते होते, हे इथे मांडलं आहे. शिक्षिका आणि समितीचे सदस्य यांची नावं गाळली आहेत. फ्रीमन यांचं नाव गाळून उपयोग नाही, कारण सरकारी नोंदवहीच्या पहिल्याच पानावर ते आहे.

पार्श्वभूमी: जमीन

फ्रीमन यांचा जन्म १८२६ मध्ये ओहायोत झाला. त्यांनी सिनसिनाटीला डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ते पस्तिशीत होते.

२० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. ज्या कुटुंबप्रमुखाने किंवा २१ वर्षांवरच्या माणसाने अमेरिकेविरुद्ध कधी शस्त्र उचललेलं नाही, त्याला १६० एकर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर, सरकारी जमीन मागता येणार होती. त्यासाठी पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि किरकोळ शुल्क भरायचं. घर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ सोडलं तर दावा जायचा. पाच वर्षं भरली की दोन विश्वासू साक्षीदारांना घेऊन शपथेवर सिद्ध करायचं की हा माणूस खरोखर इथेच राहिला आणि खरोखर नांगर चालवला. त्यानंतर मालकीचा पट्टा. कायद्याचा अंमल १ जानेवारी १८६३ पासून सुरू होणार होता.

नेब्रास्कात मिसूरी नदीकाठच्या ब्राउनव्हिलला जमीन कचेरी होती. फ्रीमन सांगत ती हकिकत अशी: ते युनियन, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याच्या कामावर होते आणि त्यांना लगेच हजर व्हायचं होतं. पहिल्या तारखेला सुट्टीमुळे कचेरी बंद राहणार होती. ३१ डिसेंबरच्या रात्री गावात नव्या वर्षाचा समारंभ चालू असताना त्यांनी कचेरीतल्या माणसाला गाठलं, आपली अडचण सांगितली आणि मध्यरात्र उलटताच दार उघडायला लावलं. त्या कचेरीतला अर्ज क्रमांक १ त्यांच्या नावावर आहे.

हकिकत सुंदर आहे, पण तिचा आधार मुख्यतः त्यांचं स्वतःचं सांगणं आहे. मला तिच्यापेक्षा पाच वर्षांनंतरचं प्रतिज्ञापत्र जास्त बोलकं वाटतं. २० जानेवारी १८६८ रोजी, म्हणजे मुदत भरून जेमतेम तीन आठवडे होताच, फ्रीमन पुन्हा कचेरीत हजर झाले. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं की पाच वर्षांहून जास्त काळ आम्ही यांना ओळखतो. घर १४ फूट बाय २० फूट, अर्धं लाकडी ओंडक्यांचं आणि अर्धं फळ्यांच्या सांगाड्याचं, एक मजली. दोन दारं, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. राहायला सोयीचं घर आहे, असंही त्यांनी आवर्जून म्हटलं आहे. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून पिकाखाली आणलेली. एक तबेला, मक्याची कणगी, १०० फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा. सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००.

पाच वर्षांत पीचची चारशे झाडं लावणारा माणूस ती जमीन विकून पुढे सरकायच्या विचारात नव्हता, हे त्या एका ओळीतून कळतं. त्या काळी जमीन पदरात पडली की विकून आणखी पश्चिमेला निघून जाणारे कमी नव्हते.

जमिनीचा आकारही पाहण्यासारखा आहे. १६० एकर म्हटलं की डोळ्यासमोर चौकोन येतो, कारण सरकारी मोजणी चौकोनांतच होती. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिच्यात एक मैलाचे ३६ सेक्शन, आणि सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. फ्रीमन यांनी सेक्शन २६ मधले ४० एकरांचे चार तुकडे निवडले ते असे, की तीन एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. उलटा टी. कब क्रीक नावाचा ओढा आणि त्याच्या काठची झाडी हाताशी राहावी हा त्यामागचा हिशोब. गवताळ माळावर लाकूड आणि पाणी ज्याच्याकडे, त्याचा संसार टिकतो.

एक गोष्ट या पार्श्वभूमीतून वगळता येत नाही. फ्रीमन यांची जमीन नेब्रास्कातल्या गेज काउंटीत होती. त्याच काउंटीच्या दक्षिणेला बिग ब्लू नदीवर ओटो-मिसूरिया या मूळनिवासी लोकांचं राखीव क्षेत्र होतं. १८५४ च्या करारात त्यांनी आपला बाकी मुलूख सोडला आणि मगच ही जमीन ‘सरकारी’ झाली. उरलेलं राखीव क्षेत्रही टिकलं नाही. १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. फ्रीमन यांची पीचची झाडं ज्या मातीत उभी राहिली ती मोकळी पडलेली नव्हती, मोकळी केलेली होती.

पार्श्वभूमी: घर

फ्रीमन यांचा धाकटा भाऊ जेम्स युद्धात गेला. त्याचं लग्न आयोवातल्या ले क्लेअर गावच्या ॲग्नेस सूटर हिच्याशी ठरलेलं होतं. ॲग्नेस मिसिसिपीकाठची मुलगी, फ्रीमन यांच्यापेक्षा १७ वर्षांनी लहान. जेम्सच्या मृत्यूनंतर डॅनियल तिला पत्रं लिहू लागले आणि पत्रांतूनच त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. ८ फेब्रुवारी १८६५ ला लग्न झालं आणि ती नेब्रास्कातल्या त्या १४ बाय २० च्या घरात आली.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. ज्याच्याशी लग्न ठरलं तो गेला, आणि त्याच्या थोरल्या भावाच्या अक्षरातली पत्रं येऊ लागली. त्या पत्रांना होकार देऊन, नदीकाठचं गाव सोडून, कधी न पाहिलेल्या माळावर जायचं ठरवणं हा या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय होता असं माझं मत आहे. आणि नेमका तोच कोणत्याही सरकारी कागदावर नाही. १८६८ च्या प्रतिज्ञापत्रात ॲग्नेस फक्त ‘पत्नी आणि दोन मुलं’ या चार शब्दांत आहे. पुढे या घरात आठ मुलं झाली.

प्रतिज्ञापत्रात आणखी एक गाठ आहे. फ्रीमन १ जानेवारी १८६३ पासून याच घरात राहत आले, असं साक्षीदार म्हणतात. पण त्यांच्याच हकिकतीप्रमाणे त्या दिवशी ते ब्राउनव्हिलला होते आणि तिथून सैन्याकडे निघणार होते. सैनिकी सेवेचा काळ पाच वर्षांत धरण्याची सवलत १८७२ च्या कायद्याने आली. फ्रीमन यांचा पट्टा १ सप्टेंबर १८६९ रोजीच निघाला होता. म्हणजे त्यांचा दावा टिकायला ‘पहिल्या दिवसापासून राहिले’ हे शब्द लागत होते आणि शेजाऱ्यांनी ते दिले. याला मी लबाडी म्हणणार नाही. त्या काळी बहुतेक प्रतिज्ञापत्रं एका साच्यातली असत. पण एवढं मात्र खरं, की फ्रीमन यांची जमीन शेजाऱ्यांच्या शब्दावर उभी होती. पुढचं भांडण समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

मोजणीच्या त्याच चौकोनांत शाळेचीही सोय होती. प्रत्येक टाउनशिपमधले १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखलेले. फ्रीमन यांच्या शेताजवळ १८७२ मध्ये विटांची एक खोलीची शाळा उभी राहिली. सगळ्या इयत्ता त्या एका खोलीत, एकच शिक्षक, मध्यभागी शेगडी. मतदान तिथेच, वस्तीच्या सभाही तिथेच. शाळेचं काम वस्तीनेच निवडलेली समिती पाही आणि खर्च करातून भागे.

१८९९ मध्ये तिथल्या शिक्षिकेने समितीच्या परवानगीने रोज सकाळी थोडा वेळ, दहा मिनिटांच्या आसपास, बायबलच्या किंग जेम्स आवृत्तीतले उतारे वाचायला सुरुवात केली. त्याला प्रार्थना आणि भक्तिगीतांची जोड होती. उताऱ्यांवर ती काही भाष्य करत नसे.

वस्तीतल्या बऱ्याच जणांना यात वावगं काही दिसलं नसावं. सकाळी दोन गीतं, एक प्रार्थना, मग पाढे. फ्रीमन यांना ते वावगं दिसलं. राज्याच्या १८७५ च्या संविधानात दोन तरतुदी होत्या: कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध उपासनेच्या जागी जायला किंवा तिचा खर्च उचलायला भाग पाडता येणार नाही, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत पंथीय शिकवण दिली जाणार नाही. मुलांना शाळेत पाठवणं ही पालकांची गरज, शाळेचा खर्च सगळ्यांच्या करातून, आणि दिवसाची सुरुवात उपासनेने. मग शाळा ही उपासनेची जागा झाली की नाही?

समोरचे पर्याय

गप्प बसणं हा पहिला आणि सगळ्यात सोपा पर्याय. प्रश्न रोजच्या दहा मिनिटांचा. अडलं-नडलं तर धावून येणारे लोक तेच, मळणीला लागणारे हात तेच. चारशे झाडांचा मालक असला तरी माळावर एकटा राहू शकत नाही. गप्प राहिले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

मुलांना घरी किंवा दुसऱ्या शाळेत शिकवता आलं असतं. पण मग आपलं मूल बाहेर काढून प्रश्न तसाच ठेवल्यासारखं झालं असतं, आणि कर भरायचा तो भरायचाच.

तिसरा पर्याय समितीच्या निवडणुकीचा. समिती लोकांनी निवडलेली, तेव्हा पुढच्या वेळी तिच्यात वेगळी माणसं आणायची. मला हा पर्याय दिसतो तेवढा भक्कम वाटत नाही. बहुमत प्रार्थनेच्या बाजूने असेल तर मतदानाने तो आवाज आणखी पक्का होतो. संविधानात असं कलम घालण्याचं कारणच हे, की या एका बाबतीत बहुमत पुरेसं नाही.

मधला एक रस्ता होता, पण कोणी तो मनापासून चाचपून पाहिल्याचं दिसत नाही. प्रार्थना शाळेची वेळ सुरू होण्याआधी ठेवायची आणि ज्याला यायचं त्याने यावं. शिक्षिकेचा हेतू बऱ्यापैकी साधला असता आणि फ्रीमन यांच्या आक्षेपातला सक्तीचा काटा निघाला असता.

शेवटचा पर्याय कोर्टाचा. त्याला एक आधारही होता. विस्कॉन्सिन राज्यात एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी असाच खटला लढवला होता आणि १८९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतलं बायबलवाचन संविधानाविरुद्ध ठरवलं होतं. किंग जेम्स आवृत्ती प्रॉटेस्टंटांची, कॅथलिकांचं बायबल वेगळं. कोणतंही भाष्य न करता नुसतं वाचलं तरी कोणाचं बायबल वाचलं हा प्रश्न उरतोच.

प्रत्यक्षात काय केलं

फ्रीमन यांनी आधी समितीकडे तक्रार केली आणि हा प्रकार थांबवायला सांगितलं. समितीने नकार दिला.

माझ्या मते प्रकरणाचं वळण इथे आहे, कोर्टात नाही. तोवर हा एका शिक्षिकेच्या सवयीचा प्रश्न होता आणि तिला बाजूला बोलावून मिटवता आला असता. समितीने नकार देताच तो सार्वजनिक संस्थेचा निर्णय झाला. दोन्ही बाजूंना मागे यायला जागा उरली नाही. समितीने ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असं जरी म्हटलं असतं, तरी प्रकरण कदाचित वेगळ्या दिशेने गेलं असतं.

फ्रीमन यांनी मग मँडामसचा अर्ज केला. म्हणजे कायद्याने नेमून दिलेलं कर्तव्य पार पाडा, असा आदेश कोर्टाने समितीला द्यावा ही मागणी. नुकसानभरपाई नाही, शिक्षिकेला शिक्षा नाही, मागणं फक्त प्रार्थना थांबवण्याचं. या निवडीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. राग असताना माणूस सहसा समोरच्याला अद्दल घडवायला निघतो.

काउंटीच्या कोर्टात ते हरले. तिथे थांबायला कारणं भरपूर होती. वय झालेलं, गाव विरोधात, खर्च स्वतःचा. ते वर गेले.

निष्पत्ती

ऑक्टोबर १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने खालचा निकाल फिरवला. वाचन, गीतं आणि प्रार्थना मिळून शाळेत जे चाललं होतं ती धार्मिक उपासनाच होती आणि राज्याच्या संविधानाला ती चालत नाही, असा न्यायालयाचा कौल पडला. फ्रीमन जिंकले.

पण निकालावरून राज्यभर खळबळ माजली आणि फेरसुनावणीची मागणी झाली. १९०३ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, मात्र नाकारताना एक खुलासा जोडला. बायबल हे पुस्तक शाळेत असण्याला किंवा वाचण्याला सरसकट बंदी नाही. त्याचा योग्य वापर सुटून शिक्षक पंथाचा प्रचारक होतो तिथे न्यायालय हस्तक्षेप करेल. ही सीमा कुठे ओलांडली गेली ते त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून ठरेल.

म्हणजे फ्रीमन यांना त्यांच्या शाळेपुरता स्पष्ट निकाल मिळाला आणि इतर शाळांना पुसट. साऱ्या देशाला लागू होणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून १९६३ मध्ये आला. सार्वजनिक शाळांतलं भक्तिपर बायबलवाचन तेव्हा घटनाबाह्य ठरलं.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

फ्रीमन यांचं मूळ म्हणणं बरोबर होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करातून चालणाऱ्या शाळेत लहान मुलाला दोनच गोष्टी करता येतात: सगळ्यांबरोबर हात जोडणं, नाहीतर सगळ्यांदेखत वेगळं बसणं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही निवड करायला लावणं अन्याय्य आहे, मग पुस्तक कोणतंही असो.

पद्धतीबद्दल मात्र विचार करण्यासारखं आहे. समितीकडे जाण्याआधी आणखी दोन-चार पालकांना बरोबर घेणं शक्य होतं का? एजर्टनमध्ये पालक एकत्र उभे राहिले होते. इथे तक्रार एका माणसाची राहिली आणि एका माणसाच्या तक्रारीला वस्ती फार लवकर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून बाजूला टाकते. सैन्यात गेलेला, मध्यरात्री कचेरी उघडायला लावणारा, सेक्शनमधून हवा तो तुकडा बरोबर उचलणारा माणूस समितीपुढे आला, तेव्हा सदस्यांना समोर तक्रार दिसली की तो हेकट म्हातारा दिसला?

समितीची चूक मला त्याहून मोठी वाटते. तिने परवानगी देताना नियम पाहिला नाही आणि आक्षेप आल्यावर आपल्या निर्णयाची इज्जत राखत बसली. पत्करलेला निर्णय मागे घेणं म्हणजे हार, ही समजूत समित्यांना फार महाग पडते. शिक्षिकेचीही बाजू आहे. तिने विचारून, परवानगी घेऊन, मुलांच्या भल्यासाठी म्हणून हे केलं. तिच्यावर प्रकरण ढकलून समितीने हात झटकले नाहीत, एवढं तिच्या बाजूने चांगलं झालं.

ॲग्नेसची नोंद नसणं हा या अभ्यासातला मोठा खड्डा आहे. असल्या भांडणात शेजारणींशी बोलणं, बाजारात नजरेला नजर देणं, मुलांनी शाळेतून आणलेलं उत्तर ऐकणं हे घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. खटल्याच्या कागदांत त्यातलं काहीही येत नाही. हे प्रकरण शिकवताना मी आधी हेच विचारेन की हा निर्णय घेण्याआधी घरात कोणाशी बोलायला हवं होतं.

फ्रीमन ३० डिसेंबर १९०८ रोजी वारले. ब्राउनव्हिलच्या त्या रात्रीला ४६ वर्षं व्हायला एक दिवस कमी होता. त्यांना स्वतःच्या जमिनीवरच पुरलं. ॲग्नेस त्यानंतर २२ वर्षं जगली आणि १९३१ मध्ये गेली. १९३६ मध्ये काँग्रेसने कायदा करून ती जमीन राष्ट्रीय स्मारक ठरवली. विटांची शाळा मात्र थांबली नाही. १९६७ पर्यंत तिथे वर्ग भरत राहिले, आणि आज ती शाळाही त्याच स्मारकाचा (२०२१ पासून ‘राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’) भाग आहे.